दिनांक तपासा

आमच्या इतिहास विभागाच्या ग्रंथालयात एक लोखंडी कपाट आहे. एम.ए.च्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे सादर केलेले लघुप्रबंध त्यात काळ्या रेक्झिनच्या बांधणीत, पाठीवर सोनेरी अक्षरे मिरवत उभे आहेत आणि तोंडी परीक्षा संपल्यावर त्यांपैकी बहुतेकांना कोणी हात लावलेला नाही. २०२२च्या ऑगस्टमध्ये, दुसऱ्या वर्षाला असताना, माझा विषय ठरवण्यासाठी मी ते कपाट उपसत होते. एका जुन्या लघुप्रबंधाच्या परिशिष्टात मला एका गावच्या पाटीलकीच्या वादाचे बावीस मोडी कागद संपूर्ण लिप्यंतरासह सापडले. यांपैकी काही कागदांचा शोध मी पुण्याच्या पुराभिलेखागारात जवळपास दोन महिने घेत होते. ज्याने ते वाचले, लिहून काढले आणि टीपा दिल्या त्याचे काम आमच्याच विभागात, माझ्या बसण्याच्या जागेपासून वीस पावलांवर पडून होते आणि ते कोणालाही ठाऊक नव्हते. आम्ही सात जणांनी विद्यार्थ्यांची शोधपत्रिका काढायचे ठरवले, त्यामागे या कपाटाखेरीज दुसरे कोणतेही थोर कारण नव्हते.

विभागप्रमुखांनी परवानगी दिली ती दोन अटींवर. विभागाकडे पैसे मागायचे नाहीत आणि अंकात काय छापायचे याचा निर्णय आम्हीच घ्यायचा, म्हणजे उद्या कोणाचा निबंध परत गेला तर तक्रार घेऊन त्यांच्या दाराशी यायचे नाही. दुसरी अट आम्हाला तेव्हा सवलत वाटली होती. एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी मात्र शिक्षकांच्या बैठकीतच विचारले की, ज्यांचे स्वतःचे संशोधन अजून सुरू व्हायचे आहे ती मुले दुसऱ्याचे संशोधन कसे तपासणार? प्रश्न रास्त होता. कायद्याच्या शिक्षणात ही प्रथा जुनी आहे, १८८७ साली सुरू झालेले ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’ आजही विद्यार्थीच संपादित करतात, असे उत्तर मी तयारी करून दिले. त्यावर सर शांतपणे म्हणाले, “त्यांच्याकडे दीडशे वर्षांचे मागचे अंक आहेत. तुमच्याकडे काय आहे?” आमच्याकडे एक सामाईक ईमेल खाते आणि सातांची वर्गणी होती.

आवाहन पाठवले आणि महिनाभरात अडतीस लेख आले. त्यांतील नऊ कविता होत्या, चार प्रवासवर्णने होती आणि सहा लेख थोर पुरुषांच्या जयंतीनिमित्त केलेली भाषणे होती. दोष पाठवणाऱ्यांचा नव्हता. आपल्याकडे महाविद्यालयातील विद्यार्थ्याला ‘अंक’ म्हटले की वार्षिकांकच आठवतो, त्यात सगळ्यांना जागा मिळते आणि शेवटी स्नेहसंमेलनाची छायाचित्रे असतात. शोधनिबंध म्हणजे काय हे आवाहनात दोन ओळींत सांगून भागत नाही, हे लक्षात आल्यावर आम्ही चार पानांची सूचनापत्रिका तयार केली. निबंधाने कोणता प्रश्न विचारला आहे, त्यावर आधी कोणी काय लिहिले आहे आणि लेखकाने स्वतः कोणते साधन पाहिले आहे, या तीन गोष्टी पहिल्या दोन पानांत सापडल्या पाहिजेत, असे त्यात लिहिले. पुढच्या वेळी निम्मेच लेख आले, पण त्यांतले बरेचसे वाचण्याजोगे होते.

लेखाच्या आधी येणारा प्रश्न मात्र तीन वर्षे एकच राहिला: “तुमची पत्रिका केअर यादीत आहे का?” बाहेरच्या वाचकाला यातली निकड समजणार नाही. प्राध्यापकांच्या बढतीसाठी आणि पीएच.डी.साठी छापील शोधनिबंध मोजले जाऊ लागल्यापासून पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या पत्रिकांचे पीक आले. विद्यापीठ अनुदान आयोगाने आधी स्वतःची मान्य यादी केली. २०१८च्या मे महिन्यात त्या यादीतून ४,३०५ नावे वगळावी लागली आणि २०१९पासून दर्जा तपासून मान्य केलेल्या पत्रिकांची केअर यादी आली. तिचे काम तर पुण्यातूनच, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील कक्षातून चालत असे. पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापून आणण्याची सक्ती आयोगाने २०२२च्या नोव्हेंबरमधील नियमांत काढून टाकली, आणि २०२५च्या फेब्रुवारीत केअर यादीच बंद करून पत्रिका पारखण्याचे निकष संस्थांच्या हाती दिले. तरीही मार्चमध्ये आलेल्या पहिल्याच पत्रात तोच प्रश्न होता. आम्ही प्रत्येकाला प्रांजळपणे ‘नाही’ असे कळवत असू आणि त्यानंतर पाचांतले तीन लेखक गप्प होत. एका अधिव्याख्यात्यांनी फोनवर विचारले, “मग शुल्क किती?” आम्ही शुल्क घेत नाही असे सांगितल्यावर ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “मग छापण्याची खात्री कशी काय देता?” खात्री देतच नाही, हे त्यांना पटवून देणे मला जमले नाही.

आयएसएसएन क्रमांकाबद्दलही असाच गैरसमज आहे. अनेक जण त्याला दर्जाचे प्रमाणपत्र समजतात. प्रत्यक्षात ती नियतकालिकाची आठ अंकी ओळख आहे. दिल्लीतील राष्ट्रीय केंद्राकडून ती विनामूल्य मिळते, छापील आणि ऑनलाइन आवृत्तीला वेगवेगळी मिळते, आणि आत काय छापले आहे याबद्दल ती काहीच सांगत नाही. आमचा पहिला अर्ज परत आला. मुखपृष्ठावर पत्रिकेच्या नावापुढे ‘षण्मासिक’ हा शब्द नावाइतक्याच ठळक अक्षरांत होता आणि संकेतस्थळावर तो नव्हता, त्यामुळे पत्रिकेचे नेमके नाव कोणते हा प्रश्न निघाला. चूक आमचीच होती. मुखपृष्ठ पुन्हा करण्यात तीन आठवडे गेले.

खरे काम सुरू झाले ते परीक्षणाच्या वेळी. प्रत्येक निबंध दोघांकडे जाईल, एक शिक्षक आणि एक पीएच.डी. करणारा संशोधक, आणि लेखकाला परीक्षक कळणार नाही व परीक्षकाला लेखक कळणार नाही, असा नियम आम्ही केला. नियम कागदावर छान दिसतो. मराठ्यांच्या इतिहासात मोडी कागद वाचून लिहिणारी माणसे इतकी थोडी आहेत की, अमुक तालुक्यातील कागद म्हटले की कोणाचा निबंध आहे हे परीक्षक पहिल्या परिच्छेदातच ओळखतात. त्यात लेखकांची मदतही भरपूर होते. नाव काढलेल्या निबंधात ‘प्रस्तुत लेखिकेने आपल्या पूर्वीच्या लेखात दाखविल्याप्रमाणे’ असे लिहून खाली तळटीपेत पूर्ण संदर्भ दिलेला असतो, किंवा सगळे काही काढूनही फाइलच्या माहितीत संगणकाच्या मालकाचे नाव तसेच राहते. एकदा उलट घडले. एका परीक्षकांनी निबंधाची छापील प्रत मागवली, समासात हिरव्या शाईने शेरे लिहिले आणि प्रत परत पाठवली. आम्ही ती पाने जशीच्या तशी स्कॅन करून लेखकाला पाठवली. लेखकाचे उत्तर तासाभरात आले: “सरांना माझा नमस्कार सांगा, त्यांनीच मला बी.ए.ला शिकवले आहे, हे अक्षर मी कुठेही ओळखेन.” त्या दिवसापासून हाताने लिहिलेला प्रत्येक शेरा आम्ही टंकित करूनच पुढे पाठवू लागलो. शेरे टंकित करताना ते सौम्य करण्याचा मोह होतो, तो मात्र टाळावा लागतो. ‘हा निष्कर्ष कुठून आला?’ या वाक्याचे मी एकदा ‘निष्कर्षाचे स्पष्टीकरण दिल्यास निबंध अधिक समृद्ध होईल’ असे केले होते, आणि लेखकाने स्पष्टीकरण न देता निष्कर्षाला आणखी दोन विशेषणे जोडून पाठवली.

परीक्षक वेळेवर उत्तर देत नाहीत, ही तक्रार मी पहिले वर्षभर केली. नंतर त्यांची बाजू समजली. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’ची भेट, प्रवेशाची कामे यांतून वेळ काढून, मोबदल्याशिवाय, नावाशिवाय कोणी आमच्यासाठी तीन पाने लिहीत असेल तर त्यासाठी सहा आठवडे थांबायला हरकत नसावी. पुढे आम्ही परीक्षकांना आधी नुसता सारांश पाठवून ‘जमेल का?’ असे विचारू लागलो. ‘नाही’ लवकर कळणे हाही मोठा फायदा असतो.

वाङ्मयचौर्याचा एक प्रसंग सविस्तर सांगायला हवा. आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतचे साम्य दखलपात्र धरले जात नाही, म्हणून आम्हीही ग्रंथालयातील आज्ञावलीतून प्रत्येक निबंध तपासून घेत होतो. एका निबंधाचे साम्य अवघे तीन टक्के निघाले आणि आम्ही निर्धास्त झालो. परीक्षक बाईंनी मात्र दुसऱ्याच दिवशी फोन केला. निबंधात एक वाक्य होते, ‘गावाने राज्याशी वाटाघाटी केल्या.’ त्या म्हणाल्या, “अठराव्या शतकातल्या गावाबद्दल मराठीत असे कोण लिहिते? हे इंग्रजीतून आलेले आहे.” त्यांनी मूळ इंग्रजी लेख शोधून काढला तेव्हा तीन पाने ओळीने ओळ भाषांतरित केलेली निघाली. पक्का पुरावा ठरला तो मूळ लेखातील एका चुकीच्या पृष्ठक्रमांकाचा, कारण तो चुकीचा क्रमांकही मराठीत तसाच उतरला होता. यंत्र अक्षरे जुळवून पाहते, भाषांतर त्याला दिसत नाही. शिवाय मराठीतील कितीतरी जुने साहित्य युनिकोडपूर्व फाँटमध्ये आहे, त्यातील मजकूर यंत्राच्या लेखी निरर्थक चिन्हांची रांग असते, त्यामुळे तिथून शब्दशः उचलले तरी टक्केवारी शून्यच राहील. लेखक पहिल्या वर्षाचा विद्यार्थी होता. त्याला बोलावून विचारले तेव्हा तो गोंधळून म्हणाला की, भाषांतर आपणच रात्र रात्र बसून केले आहे, मग ते चोरलेले कसे? त्याला हे कोणी शिकवलेच नव्हते. आम्ही निबंध परत केला आणि पुढच्या अंकासाठी त्याला तोच इंग्रजी लेख मराठी वाचकाला समजावून देणारे परीक्षण लिहायला सांगितले. ते त्याने उत्तम लिहिले.

छपाईबद्दल थोडक्यात सांगायचे तर, तिच्यात आमचे निम्मे आयुष्य गेले. लेख युनिकोडमध्ये येत, छापखान्यातील पेजमेकर ही पानांच्या मांडणीची आज्ञावली युनिकोड घेत नसे, म्हणून सगळा मजकूर जुन्या फाँटमध्ये बदलून द्यावा लागे. या बदलात ‘ऱ्य’ हमखास मोडत असे. ‘कारभाऱ्यांनी’चे ‘कारभार्यांनी’ आणि ‘शेतकऱ्यांचा’चे ‘शेतकर्यांचा’ होई. आचार्य आणि आचारी यांतला फरक ज्या एका अक्षरावर अवलंबून आहे तेच अक्षर गेल्यावर एका निबंधात मठातील आचार्यांना स्वयंपाक करावा लागला. दुसरा त्रास ‘तत्रैव’चा, म्हणजे ‘वरच्या टीपेतल्याच ग्रंथात’ असे सांगणाऱ्या शब्दाचा. लेखक एक परिच्छेद वर-खाली हलवतो किंवा मध्ये नवी तळटीप घालतो, आणि खालची ‘तत्रैव, पृ. ४७’ निमूटपणे भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागते. तिसऱ्या अंकापासून आम्ही ‘तत्रैव’वर बंदी घातली, दर वेळी आडनाव, वर्ष आणि पृष्ठ लिहायचे. पहिल्या अंकाची मांडणी झाली तेव्हा १०१ पाने भरली. फर्मा, म्हणजे एकत्र छापून दुमडायचा कागद, सोळा पानांचा असतो, म्हणजे सहा फर्म्यांत ९६ पाने बसतात आणि वरच्या पाच पानांसाठी सातवा फर्मा चढवावा लागतो. छापखान्याच्या काकांनी चष्म्यावरून पाहत विचारले, “पाच पानं कापताय की अकरा पानं लिहिताय?” आम्ही माझे संपादकीय तीन पानांवरून एकावर आणले आणि तीन निबंधांच्या शेवटी ओघळलेल्या ओळी आवरून उरलेली तीन पाने वाचवली. संपादकीय कापल्याने कोणाचेही काही बिघडले नाही. गुढीपाडव्याचा मुहूर्त हुकला, पण २०२३च्या एप्रिलअखेर ३०० प्रती हातात आल्या.

प्रत्येक अंकात ‘साधने’ नावाचा विभाग ठेवून एक अप्रकाशित मोडी कागद लिप्यंतर आणि टिपांसह छापायचा, हे आम्ही पहिल्यापासून ठरवले होते. पुण्यात १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले तेव्हापासून, किंबहुना त्याच्याही आधीपासून, आधी कागद छापा आणि मग बोला अशी इथली रीत आहे. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागद १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत छापले गेले, पण न छापलेले कागद त्यांच्या कितीतरी पट आहेत. विद्यार्थ्याने एक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, उघडावा, त्यातला एक कागद नीट वाचावा, एवढी अपेक्षा गैरवाजवी नव्हती. सिद्धान्त मांडण्याची घाई झालेल्या आमच्या वयाला या विभागाने वळण लावले, असे मला आजही वाटते.

याच विभागासाठी दुसऱ्या अंकात मी स्वतः लिहिले. तोवर मी पीएच.डी.ला प्रवेश घेतला होता आणि दोन सहसंपादकांपैकी एक होते. माझा कागद एका गावातील पाटाच्या पाण्याच्या वादाचा होता. वरच्या अंगाच्या बागाईतदारांनी पाळी मोडून पाणी घेतले म्हणून खालच्या पाटलाने फिर्याद केली होती आणि सरकारातून पाळ्या पूर्ववत चालवण्याची ताकीद गेली होती. कागदावर मिती होती: सन इसन्ने तिसैन मया व अलफ, छ ११ रबिलावल, म्हणजे रबिलावल या हिजरी महिन्याचा अकरावा चंद्र. इसन्ने म्हणजे दोन, तिसैन नव्वद, मया शंभर आणि अलफ हजार, म्हणजे मराठेशाहीच्या कागदांत येणाऱ्या शुहूर कालगणनेचा सन ११९२. शुहूर सनात सहाशे मिळवले की इसवी सन येतो, हे मी पहिल्या वर्षी शिकले होते. मी मिळवले आणि १७९२ लिहिले.

त्यावरच माझी मांडणी उभी होती. दख्खनमध्ये १७९१-९२ साली भीषण दुष्काळ पडला होता. मी असे लिहिले की दुष्काळ ओसरल्यावर, १७९२च्या हिवाळ्यात, गाव पुन्हा सावरत असताना जुने हक्क नव्याने मांडले जाऊ लागले आणि हा वाद त्या सावरण्याची खूण आहे. वाक्य मला आवडले होते. निबंध दोन परीक्षकांकडे गेला, निर्णयाच्या वेळी मी खोलीबाहेर बसले, सगळे नियमाप्रमाणे झाले. एका परीक्षकाने तिसऱ्या पानावर दोनच शब्द लिहिले होते: ‘दिनांक तपासा.’ लेखकाच्या उत्तरपत्रात मी त्या शेऱ्यापुढे ‘तपासला’ असे लिहिले. तपासला म्हणजे, बेरीज पुन्हा केली. निबंध २०२३च्या डिसेंबरात छापून आला.

फेब्रुवारीत साताऱ्याहून एक पोस्टकार्ड आले. लिहिणारे गृहस्थ निवृत्त शिक्षक होते आणि घरच्या घरी मोडी शिकवत. अक्षर टपोरे होते, अंकाचे कौतुक होते आणि मग हे होते: “शुहूर साल जूनमध्ये, मृगाला बदलते. मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवावे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. त्या साली रबिलावल कधी पडतो ते जंत्रीत पाहावे. आपला कागद १७९१च्या नोव्हेंबरातला आहे.” मी जंत्री (निरनिराळ्या कालगणनांच्या तारखा जुळवून दाखवणारे पुस्तक) उघडली. हिजरी १२०६चा रबिलावल १७९१च्या ऑक्टोबरअखेरीस सुरू होतो, अकरावा चंद्र नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पडतो. कागद दुष्काळानंतरचा नव्हता, दुष्काळाच्या ऐन मध्यावरचा होता. पाटलाची फिर्याद म्हणजे सावरणाऱ्या गावाचे हक्कप्रदर्शन नव्हे, तर उभे पीक वाळत असताना पाण्यासाठी फोडलेला टाहो होता. कागदात ‘पिके जळाली’ असे शब्द होते आणि मी त्यांना फिर्यादीतली ठरावीक अतिशयोक्ती म्हणून तळटीपेत बाजूला सारले होते. चुकलेली बेरीज एका वर्षाची होती, पण कागद मी उलटा वाचला होता.

संध्याकाळी बैठक झाली. आमचे संकेतस्थळ ‘ओपन जर्नल सिस्टिम्स’ या मोफत प्रणालीवर चालते आणि ते सांभाळणारा माझा मित्र सहज म्हणाला, “दहा मिनिटांचं काम आहे, पीडीएफ बदलून टाकतो, छापील अंक कोण काढून बघतोय?” मला ते हवे होते, हे मी नाकारत नाही. आमच्यातली सर्वांत धाकटी, तेव्हा एम.ए.च्या पहिल्या वर्षाला असलेली मुलगी म्हणाली की, ताई, मागच्या वर्षी तुम्हीच त्या भाषांतरवाल्या मुलाला तासभर समजावत होतात. त्यावर बोलण्यासारखे काही उरले नाही. मूळ पीडीएफ आहे तशी ठेवायची, निबंधाच्या पानावर वरच्या बाजूला दुरुस्तीची सूचना तारखेसह लावायची, पुढच्या छापील अंकात अनुक्रमणिकेत दिसेल अशी स्वतंत्र दुरुस्ती द्यायची, आणि तीत नुसते ‘१७९२ ऐवजी १७९१ वाचावे’ न लिहिता निष्कर्ष टिकत नाही हे स्पष्ट लिहायचे, असे ठरले. ते अर्धे पान लिहायला मला मूळ निबंधापेक्षा अधिक दिवस लागले. साताऱ्याच्या गृहस्थांचे नाव घालण्यासाठी परवानगी मागितली तर त्यांनी उत्तर पाठवले की, नावाची गरज नाही, अंक पाठवत राहा.

या प्रकरणानंतर दोन नियम बदलले. संपादक ज्या अंकाचे काम पाहतो त्या अंकात त्याचा निबंध घ्यायचा नाही. खोलीबाहेर बसण्याने काही होत नाही, कारण आत बसलेल्यांना बाहेर कोण बसले आहे हे माहीत असते, आणि ‘दिनांक तपासा’ लिहिणाऱ्यानेही बहुधा ताई तपासला म्हणते तर तपासला असेल असे म्हणून पुढे जाऊ दिले असावे. दुसरा बदल असा की, परीक्षकाच्या शेऱ्याला ‘केले’, ‘तपासले’, ‘योग्य तो बदल केला’ अशी उत्तरे आम्ही स्वीकारीत नाही. काय पाहिले, कुठे पाहिले आणि काय निघाले, ते लिहावे लागते. यावर लेखक कुरकुरतात. एका प्राध्यापकांनी ‘मी परीक्षेला बसलेलो नाही’ असे कळवून निबंध मागे घेतला आणि तो अन्यत्र महिन्याभरात छापूनही आला. तो चांगला निबंध होता आणि तो गेल्याचे मला वाईट वाटते, पण नियम बदलण्याइतके वाटत नाही.

विद्यार्थ्यांच्या पत्रिकेची अडचण अशी की, ज्याला काम जमू लागते त्याची जाण्याची वेळ झालेली असते. सुरुवातीच्या सातांपैकी चौघे नोकरीला लागले, एक स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला दिल्लीला गेला. पहिल्या अंकाच्या वेळी कोणत्या परीक्षकाला काय पाठवले याची नोंद एकाच्या खासगी ईमेलमध्ये होती आणि तो गेल्यावर आठ निबंधांचा माग लागेना. तेव्हा मी दोनशे पानांची फुलस्केप वही घातली. प्रत्येक निबंधाला क्रमांक, आल्याची तारीख, कोणाकडे गेला, कधी परत आला, काय ठरले. प्रणालीत हे सगळे आपोआप नोंदले जाते, तरी ती वही आजही चालू आहे, कारण प्रणालीत ‘परीक्षक आजारी आहेत, दिवाळीनंतर फोन करणे’ असे कोणी लिहीत नाही.

२०२५च्या जुलैमध्ये मी ती वही, परवलीचे शब्द लिहिलेला बंद लिफाफा आणि शिल्लक प्रती ठेवलेल्या कपाटाची किल्ली त्या धाकट्या मुलीच्या हाती दिली. आता ती संपादक आहे. ‘साधने’ विभागात जुन्या लघुप्रबंधांतील परिशिष्टे लेखकांचा शोध घेऊन क्रमाने छापण्याचे तिने मनावर घेतले आहे. पाटीलकीच्या बावीस कागदांचे लिप्यंतर करणारे गृहस्थ सध्या नगर जिल्ह्यात शाळा चालवतात, हे तिनेच शोधून काढले. आपला लघुप्रबंध कोणी उघडला होता यावर त्यांचा फोनवर बराच वेळ विश्वास बसला नाही.

संपादकपद सोडल्यावर मी पाटाच्या पाण्यावरचा निबंध नव्याने लिहिला आणि नाव काढून, फाइलमधील माहिती पुसून, इतर कोणाही लेखकासारखा पाठवला. दुष्काळाच्या वर्षातील अशाच आणखी तीन फिर्यादी आता त्यात आहेत आणि प्रत्येकीच्या मितीपुढे जंत्रीतील ताळा दिला आहे. गेल्या आठवड्यात तो परत आला. ‘मोठ्या दुरुस्त्यांनंतर पुन्हा विचार करता येईल’ असा निर्णय आहे आणि सोबत एकोणीस शेरे आहेत. त्यांतले चौदा मला पटले, तीन पटलेले नाहीत आणि दोन अजून नीट समजलेले नाहीत. मुदत दिवाळीपर्यंत आहे.